संकटातील साक्षीदार आणि आपली मंडळी

(शब्बाथ शाळेचे शिक्षक, तरुण संघ व घरगुती अभ्यासवर्ग यांच्यासाठी)

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २३:११-३५, योहान ९:१८-३८
पूरक वाचन : लेवीय ५:१, रूथ ४:१-१२, लूक १०:२५-३७, योहान १२:९-११

प्रास्ताविक

आपल्या मंडळ्यांतील तरुण मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या हाती अलीकडे एका विशिष्ट धर्तीच्या इंग्रजी कादंबऱ्या दिसतात. त्या ख्रिस्ती प्रकाशनांच्या असतात. त्यांत प्रीती असते, प्रार्थना असते आणि जोडीला जीव टांगणीला लावणारे रहस्यही असते. कथानकाचा सांगाडा बहुधा ठरलेला. एका तरुणीच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतो. गुन्हेगार तिच्या मागावर असतात. एक पोलीस अधिकारी तिचे रक्षण करतो, तिला लपवतो, आणि संकटातून जाताना दोघांची मने जुळतात. अमेरिकेतील लेखिका डी हेंडरसन यांची ‘द विटनेस’ ही २००६ सालची कादंबरी याच जातीची आहे. तिच्यातील साक्षीदार स्त्री अनेक वर्षे लपून राहिली आहे, घरच्यांना ती मेली असे वाटते, आणि पुढे तिच्या बहिणींच्याही जिवाला धोका निर्माण होतो.

अशी पुस्तके मुलांना वाचू द्यावीत का, हा प्रश्न पालकांना व शिक्षकांना पडतो. आमचे मत असे की वाचू द्यावीत, परंतु त्यांच्याबरोबर बसून त्यांविषयी बोलावे. कारण या कथांच्या पोटात जो प्रश्न आहे तो पवित्र शास्त्राचाच प्रश्न आहे. जे पाहिले ते सांगितल्याने जिवावर बेतणार असेल, तर सांगावे काय? आणि सांगणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे? या महिन्याच्या अभ्यासासाठी आपण हाच विषय घेत आहोत.

साक्ष हा आपल्या घरातला शब्द

‘साक्ष’ हा शब्द आपण उपासनेत इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा मूळचा कोर्टातला अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहो. रविवारी कोणी उठून प्रभूने आजारातून कसे सोडवले ते सांगतो, त्याला आपण साक्ष म्हणतो. ते योग्यच आहे. पण शास्त्रात साक्षीची सुरुवात गावाच्या वेशीत, वडीलजनांसमोर, वादी व प्रतिवादी यांच्या मध्ये होते. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीसंबंधी आहे (निर्गम २०:१६). एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये, आणि खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याला जी शिक्षा देवविण्याचा बेत केला तीच त्याला व्हावी, असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद १९:१५-१९). लेवीय ५:१ तर त्याहून पुढे जाते. ज्याने पाहिले किंवा ज्याला ठाऊक आहे, तो साक्षीसाठी बोलावले असता गप्प राहिला तर त्याने पाप केले. म्हणजे खोटे बोलणे हे जसे पाप, तसे खऱ्याच्या वेळी मुके राहणे हेही पाप.

नव्या करारात साक्षीदारासाठी जो ग्रीक शब्द आहे तो ‘मार्तुस’. पुढे मंडळीच्या इतिहासात याच शब्दाला रक्तसाक्षी, हुतात्मा असा अर्थ आला. हा बदल आपोआप झाला नाही. स्तेफनासारख्यांनी साक्ष दिली आणि प्राण दिला (कृत्ये २२:२०), म्हणून झाला. साक्षीदार आणि संकट यांची जोडी कादंबरीकारांनी शोधून काढलेली नाही, ती आरंभापासूनचीच आहे. लाजराचेच पाहा. त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. तो केवळ जिवंत होता. परंतु त्याचे जिवंत असणे हीच साक्ष झाली, म्हणून मुख्य याजकांनी त्यालाही मारण्याचा विचार केला (योहान १२:९-११).

चाळीस जणांची शपथ आणि बहिणीचा मुलगा

आता मुख्य पाठाकडे वळू. यरुशलेमात पौलाला अटक झाली आहे. रात्री प्रभू त्याच्याजवळ उभा राहतो आणि त्याला धीर देतो. यरुशलेमात दिली तशी साक्ष त्याला रोममध्येही द्यायची आहे. दुसऱ्याच दिवशी चाळिसांहून अधिक माणसे शपथ घेतात की पौलाला ठार मारीपर्यंत आपण अन्नपाणी घेणार नाही. पौलाला चौकशीच्या निमित्ताने न्यायसभेपुढे आणवावे आणि वाटेत गाठून मारावे, असा त्यांचा कट आहे.

पुढे काय झाले ते बारकाईने वाचा. आकाशातून अग्नी पडला नाही. देवदूताने तुरुंगाचे दार उघडले नाही. पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानावर हा कट गेला. तो गढीत आला आणि त्याने मामाला सांगितले. पौलाने एका शताधिपतीला बोलावून त्याला सरदाराकडे पाठवले. सरदाराने त्या तरुणाचा हात धरला, त्याला बाजूला नेले, एकांतात सारे ऐकून घेतले आणि हे कोणाजवळ बोलू नको असे बजावले. मग त्याने दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी, म्हणजे एका कैद्यासाठी चारशे सत्तर माणसे, रात्रीच्या तिसऱ्या तासाला सिद्ध केली. रातोरात पौलाला अंतिपत्रिसास नेले आणि दुसऱ्या दिवशी स्वारांनी त्याला कैसरीयात फेलिक्स सुभेदाराच्या हवाली केले.

येथे आपल्याला कादंबरी आणि शास्त्र यांतील मोठा फरक दिसतो. कादंबरीत साक्षीदाराला एक वीर पुरुष वाचवतो. शास्त्रात अनेक जण मिळून वाचवतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा लहान आहे. मुलाने बातमी आणली. शताधिपतीने त्याला योग्य दारापर्यंत पोहोचवले. सरदाराने विश्वास ठेवला. कोणी घोडे आणले, कोणी रात्रभर चालले. त्या मुलाचे तर नावसुद्धा दिलेले नाही. यांतील एकाने जरी हे आपले काम नव्हे असे म्हटले असते, तर मनुष्यदृष्ट्या पौल रोमला पोहोचला नसता.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पौलाला प्रभूचे वचन मिळालेले होते. तरीही त्याने भाच्याची बातमी दुर्लक्षित केली नाही, की सरकारी संरक्षण नाकारले नाही. प्रभू राखील म्हणून सावधगिरीची गरज नाही, असा विश्वासाचा अर्थ नव्हे. प्रभू ज्या हातांनी राखतो त्यांत शिपायांचेही हात असतात.

‘तो वयात आला आहे, त्यालाच विचारा’

दुसरा पाठ योहान ९ मधील आहे. जन्मांध मनुष्याला दृष्टी मिळाली. चौकशी सुरू झाली तेव्हा त्याच्या आईबापांना बोलावले. हा आमचा मुलगा, हा आंधळा जन्मला, इतके ते सांगतात. पुढचे मात्र त्यालाच विचारा असे म्हणून अंग काढून घेतात. त्यांना कोणी तलवार दाखवली नव्हती. सभास्थानातून घालवून देतील, एवढीच भीती होती. शेजार तुटेल, लेनदेन थांबेल, लग्नकार्यात कोणी येणार नाही, ही ती भीती.

आपल्या खेड्यापाड्यांत साक्षीदाराला गप्प करण्याची रीत बहुधा हीच असते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही भीती किती खरी आहे ते कळते. म्हणून त्या आईबापांचा न्याय आपण घाईने करू नये. त्यांच्या जागी आपण काय केले असते, हे आधी स्वतःला विचारावे. मुलगा मात्र जे घडले तेच पुनःपुन्हा सांगत राहिला आणि त्याला बाहेर घालवण्यात आले. तेव्हा येशूने हे ऐकले आणि त्याला शोधून काढले (योहान ९:३५). ज्याला सभेने टाकले त्याला प्रभू शोधायला गेला. हे मंडळीने फार गंभीरपणे घेण्यासारखे आहे.

सुर्ल्याचा एक कल्पित प्रसंग

वर्गात चर्चेसाठी एक प्रसंग मनाने रचू या. माणसे व घटना पूर्ण कल्पित आहेत, गाव तेवढा खरा.

गोव्यात डिचोली तालुक्यात सुर्ला नावाचा गाव आहे. (सत्तरीत चोर्ला घाटाच्या बाजूला आहे ते सुर्ला वेगळे.) हा सारा खाणींचा पट्टा. येथील लोहखनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे. ट्रक, गॅरेज, चहाची दुकाने, भाड्याच्या खोल्या, सगळे त्या खनिजावर चाले. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्टे रद्द होऊन मार्चच्या मध्यावर पुन्हा बंद पडल्या. त्यानंतर तालुक्यात काही काम परत सुरू झाले आहे. अशा पट्ट्यात ज्याच्याकडे चार ट्रक त्याच्याकडे चाळीस घरांची चूल, हे सांगायला नको.

समजा, अशा गावात आपल्या मंडळीचे एक कुटुंब राहते. मुलगी बालवाडीत शिकवते. तिचा वाङ्निश्चय झाला आहे, पावसाळ्यानंतर लग्न. एका संध्याकाळी घरी येताना बंद खाणीच्या कुंपणापाशी दोन जण रखवालदाराला लोखंडी सळईने मारताना तिने पाहिले. भंगार चोरताना त्याने हटकले होते. रखवालदार परगावचा, गावात त्याचे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तो वारला. मारणाऱ्यांपैकी एकाला ती ओळखते. तो गावातल्या ट्रकमालकाचा मुलगा. तिचा नियोजित वर त्याच मालकाच्या गॅरेजात कामाला आहे.

तिच्यावर कोणी पिस्तूल रोखत नाही. ट्रकमालक स्वतः घरी येतो, ओसरीवर बसतो, चहा घेतो. “तुमच्या मुलीच्या लग्नाला बस आमची समजा,” असे म्हणतो. जाता जाता विचारतो, “संध्याकाळच्या वेळी माणसाला नीट दिसते का हो?” रात्री अनोळखी नंबरावरून फोन येतो आणि कोणी बोलत नाही. आई म्हणते, “बाय, मेलेला माणूस काही परत येत नाही. आपल्याला इथेच राहायचे आहे.” वडील काहीच बोलत नाहीत.

आणि तो तरुण? त्याचे तिच्यावर खरे प्रेम आहे. तो म्हणतो, “माझ्यासाठी गप्प राहा. तुला काही झाले तर मी काय करू?”

येथे थांबा आणि वर्गाला विचारा : हे वाक्य प्रीतीचे आहे की भीतीचे?

प्रीती काय करते?

आमच्या मते या अभ्यासाचा गाभा येथे आहे. त्या तरुणाचे वाक्य प्रेमाचेच आहे, पण ते प्रेम अजून भीतीच्या मुठीत आहे. योहान आपल्या पत्रात सांगतो की पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते (१ योहान ४:१८). घालवणे म्हणजे धोका नाही असे समजणे नव्हे. धोका ओळखून, त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहणे. त्याने असे म्हटले असते तर : “तुला भीती वाटते, मलाही वाटते. पण तू एकटी जाणार नाहीस. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरे गॅरेज पाहू.” या दोन वाक्यांमधले अंतर हाच त्या तरुणाच्या वाढीचा मार्ग आहे. चांगली प्रेमकथा त्याला या मार्गाने नेते. वाईट प्रेमकथा नायिकेला लपवून ठेवते आणि त्यालाच प्रेम म्हणते.

रूथच्या पुस्तकातील बवाज पाहा. त्याला रूथशी लग्न करायचे होते. ती परकी, विधवा, गरीब. तो आडवाटेने गेला नाही. वेशीत जाऊन बसला, गावातील दहा वडीलजनांना बोलावले आणि सर्वांदेखत व्यवहार करून त्यांना साक्षी ठेवले. शास्त्रातील प्रीती उजेडात येते आणि साक्ष मागते. साक्षीला भिणाऱ्या घरात ती फार काळ निरोगी राहत नाही. त्या मुलीने मन मारून मौन पाळले आणि लग्न झाले, तर त्या संसारात रोज संध्याकाळी तो रखवालदार उंबरठ्यावर उभा राहील.

मराठी ख्रिस्ती वाचकांना हा विषय नवा नाही. १८५७ साली बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. बाबा मूळचे बेळगावचे, म्हणजे गोव्याच्या घाटापलीकडचेच. त्यांची यमुना पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या डोळ्यांनी पाहते व कानांनी ऐकते, आणि पुढे स्वतःच विधवा होते. अखेरीस ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. म्हणजे आपल्या भाषेतील कादंबरीचा आरंभच एका ख्रिस्ती लेखकाने, एका साक्षीदार स्त्रीला घेऊन केला. तिचा पाठलाग गुंड करीत नव्हते, रूढी करीत होती.

मुंबईतील एक मुलगी

आता एक खरी गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. तेथे वडिलांबरोबर असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पायात गोळी लागली. जून २००९ मध्ये आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात ती कुबडीच्या आधाराने आली आणि तिने अजमल कसाबला ओळखले. त्याला पुढे फाशीची शिक्षा झाली व २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

तिचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्या कुटुंबाने नंतर वृत्तपत्रांना जे सांगितले ते ऐकून मान खाली जाते. भाड्याने घर मिळणे कठीण झाले, नातलग कार्यांना बोलावीनासे झाले. लोकांना वाटे, या मुलीमुळे आपल्यावरही संकट येईल. गोळी अतिरेक्याने मारली, पण दार शेजाऱ्यांनी लावले. जन्मांधाला सभेने बाहेर घालवले होते. आपल्या काळात तेच काम इमारतीतले लोक करतात, आणि त्यांत आपणही असू शकतो.

कायदा काय देतो?

साक्षीदाराला पूर्वी कोर्टाच्या दारात एकटेच सोडले जाई. आता परिस्थिती थोडी पालटली आहे, आणि शिक्षकांना याची माहिती असणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कायदा केला. पुढे ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मान्य करून ती देशभर लागू केली. हल्ल्यातून वाचलेला एक साक्षीदारच तेथे याचिकाकर्ता होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचे बंधन घातले आहे.

२०१८ च्या योजनेचे स्वरूप थोडक्यात असे. योजना गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, आणि खून अर्थातच त्यांत येतो. धोक्याचे तीन वर्ग केले आहेत : साक्षीदाराच्या किंवा कुटुंबाच्या जिवाला धोका, त्यांची सुरक्षितता, अब्रू वा मालमत्ता यांना धोका, आणि त्रास देणे, धमकावणे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्यात जिल्ह्याचे पोलीसप्रमुख असतात. अर्ज अभियोग विभागाच्या जिल्हाप्रमुखामार्फत जातो, तेच समितीचे सदस्य-सचिव. धोक्याविषयीचा पोलिसांचा अहवाल मागवल्यापासून पाच कामकाजी दिवसांत यावा अशी अपेक्षा आहे, आणि प्रसंग तातडीचा असेल तर आधीच तात्पुरते संरक्षण देता येते. संरक्षण म्हणजे काय? फोन नंबर बदलणे, घराला सुरक्षेची साधने बसवणे, घरापाशी गस्त, न्यायालयात नेण्या-आणण्याची सोय, आरोपीसमोर न येता जबानी, काही काळ दुसरीकडे राहण्याची व्यवस्था, आणि अगदी निकराच्या प्रसंगी नवी ओळख. संरक्षणाचा हुकूम एका वेळी तीन महिन्यांपुरता असतो. त्याचा खर्च राज्याच्या निधीतून होतो. साक्षीदाराने खोटी साक्ष द्यावी म्हणून त्याला धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्याला पोलिसांचा व कोर्टाचा त्रास होऊ नये, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ घालण्यात आले. त्यात अशा माणसाला इंग्रजीत जे नाव दिले आहे ते आपल्या ‘चांगल्या शोमरोन्या’चेच. प्रभूने सांगितलेला दाखला देशाच्या कायद्यात जाऊन बसला. मग त्या दाखल्यातील याजक व लेवी मात्र आपल्या बाकांवर बसलेले असू नयेत.

मंडळीचे काम

कायदा संरक्षण देईल, पण सोबत देणार नाही. शिपाई दाराबाहेर उभा राहतो, घरात आईजवळ बसायला मंडळीची बहीणच हवी. सुर्ल्याच्या त्या कल्पित मुलीसाठी मंडळी काय करू शकली असती?

पहिले, तोंड सांभाळणे. सरदाराने त्या मुलाला कोणाजवळ बोलू नको असे बजावले होते. आपण मात्र प्रार्थनेची विनंती या नावाखाली पुष्कळ गुपिते फोडतो. बुधवारच्या प्रार्थनासभेत कोणी उठतो आणि म्हणतो, “आपली अमकी कोर्टात साक्ष देणार आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा.” सायंकाळपर्यंत ही बातमी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून ट्रकमालकाच्या ओसरीवर पोहोचते. अशा वेळी पाळकांनी व दोन-तीन विश्वासू माणसांनी मिटल्या दारी प्रार्थना करावी. प्रभूला नाव मोठ्याने सांगावे लागत नाही.

दुसरे, योग्य दारापर्यंत पोहोचवणे. हे शताधिपतीचे काम. मंडळीत कोणी वकील असेल, निवृत्त कारकून असेल, ज्याला अर्ज लिहिता येतो. त्याने त्या मुलीबरोबर जावे. जबाब काय द्यायचा हे मात्र कोणीही तिला पढवू नये. तिने पाहिले तेवढेच, तसेच, न वाढवता न घटवता सांगावे. संध्याकाळचा उजेड कमी होता हेही खरे असेल तर तेही सांगावे. खरा साक्षीदार जीव वाचवतो असे नीतिसूत्रकार म्हणतो (नीतिसूत्रे १४:२५), आणि त्यात निर्दोष माणसाचाही जीव आला.

तिसरे, पोटाची काळजी. त्या तरुणाचे काम गेले तर? हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि येथेच बहुतेक मंडळ्या गप्प बसतात. साक्षीचा उपदेश व्यासपीठावरून करायचा आणि साक्षीची किंमत एका घराने भरायची, हे न्याय्य नाही. कोणाच्या ओळखीने दुसरे काम, कोणाच्या घरी चार महिने राहण्याची सोय, दिवाणी-फौजदारीच्या तारखांना जाण्यायेण्याचे भाडे, एवढे तर आपल्याला जमेल.

चौथे, निकालानंतरही सोबत. खटले वर्षानुवर्षे चालतात. पौल कैसरीयात दोन वर्षे अडकून होता (कृत्ये २४:२७). पहिल्या आठवड्यात सगळेच भेटायला येतात. दुसऱ्या वर्षी जो येतो तो खरा भाऊ.

आणि तिला साक्ष देण्याचे धैर्य झालेच नाही तर? तिला हिणवू नये. पेत्रानेही अंगणात शेकोटीपाशी तीनदा नाकारले होते, आणि प्रभूने त्याला दुसऱ्या शेकोटीपाशी पुन्हा उभे केले (योहान १८ व २१). आपण तिच्या पाठीशी उभे नव्हतो, हे आधी कबूल करावे आणि मग तिच्याशी बोलावे.

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गात फक्त पौलाच्या भाच्याची गोष्ट सांगावी. मारहाणीचा प्रसंग सांगू नये. भर यावर असावा : काही वाईट कळले तर ते मनात न ठेवता विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे, गावभर सांगायचे नाही. कोणी “हे आईला सांगू नको” असे धमकावले तर ते आधी आईला किंवा बाईंना सांगायचे, हेही याच धड्यात शिकवावे.

मोठ्या मुलांच्या वर्गात सुर्ल्याचा प्रसंग वाचून दाखवावा आणि त्याचा शेवट मुलांनीच लिहावा. अट एकच : एकट्या नायकाने सर्वांना वाचवायचे नाही. निदान पाच माणसांनी पाच लहान कामे केली पाहिजेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. पौलाला प्रभूचे वचन मिळाले असताना त्याने सरकारी संरक्षण का घेतले?
२. जन्मांधाच्या आईबापांना कशाची भीती होती? आपल्या गावात तशी भीती कोणती?
३. “माझ्यासाठी गप्प राहा” असे आपण कोणाला कधी म्हटले आहे काय?
४. वाचलेल्या एखाद्या रहस्यकथेतील नायक नायिकेला बोलण्याचे बळ देतो, की फक्त लपवतो?
५. आपल्या मंडळीत उद्या कोणावर साक्ष देण्याचा प्रसंग आला, तर पहिल्या आठवड्यात कोण काय करील? नावानिशी ठरवा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाळकांजवळ द्यावे. वेळ आल्यावर माणसे शोधू लागलो तर उशीर होतो. त्या मुलाने कट ऐकला त्याच रात्री घोडे तयार होते.

प्रार्थना

हे प्रभू, तू विश्वासू साक्षी आहेस. जे आज भयाने गप्प आहेत त्यांना तू ओळखतोस, आणि जे बोलून एकटे पडले आहेत त्यांना शोधायला तू जातोस. आम्हालाही तुझ्याबरोबर ने. आमची दारे उघडी ठेव आणि आमची तोंडे योग्य वेळी उघड व योग्य वेळी मीट. आमेन.